कोणाला अगरबत्ती लावता

दारावर टकटक करून ते मनात पाचपर्यंत मोजायचे, मग आत जायचे. दार उघडं असलं तरी.

चिनी माणसाचं नाव घेताना आडनाव आधी घ्यायचे.

शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली असायच्या. पेन नाही. म्हाताऱ्या माणसांची उत्तरं बदलतात, म्हणायचे.

चहा करून घ्यायचे आणि खिडकीत विसरायचे. दुपारी तोच गार चहा उभ्याने प्यायचे.

बिंगोचे आकडे पुकारताना चार आला की आवाज खाली आणायचे. चिनी भाषेत चार आणि मरण यांचा उच्चार जवळजवळ सारखा. अर्ध्या टेबलांना तो आकडा ऐकायचा नसे.

कोणी गेलं की ऑफिस त्याची नोंद 'डिस्चार्ज' अशी करायचं. ते आपल्या डायरीत मराठीत लिहायचे. वारल्या. वारले.

'जाऊ दे' फार म्हणायचे. गेल्या मार्चपासून म्हणेनासे झाले.

जेरोम तुस्कानो. वय एकसष्ट. मूळ वसईचे, तिथल्या शाळेत इतिहास शिकवायचे. बायको डेझी पॅथॉलॉजी लॅबमध्ये. तिला मेलबर्नला नोकरी मिळाली म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी इथे आले. इतिहासाचा मास्तर इथे कोणाला नको होता. ग्लेन वेव्हर्लीजवळच्या एका वृद्धाश्रमात लाइफस्टाइल कोऑर्डिनेटर झाले. म्हणजे बिंगो, वाढदिवस, बसची सहल, आणि नवीन माणूस राहायला आलं की त्याच्याजवळ बसून फॉर्म भरणं.

मी तिथेच केअरर आहे. पुण्यात साहित्यात एम.ए. केलं, इथे दुसऱ्या डिग्रीला आले, आणि आठवड्यातून चार दिवस लोकांना आंघोळी घालते. पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हटलं.

"सर नको. इथे डॉक्टरलाही नावाने हाक मारतात."

"नुसतं जेरोम नाही जमणार मला."

"मग काका म्हण. पण चिनी बायकांसमोर नको. खरा काका समजून तुझ्या लग्नाचं मला विचारत बसतील."

त्या बायकांनी विचारलंच. जेरोमकाका त्यांना सांगायचे की मुलगी हुशार आहे, स्वयंपाक येत नाही, आणि रागीट आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

पाच आठवड्यांपूर्वी ते वारले. मला अजून ते वाक्य लिहिता येत नाही. लिहिलं तर दुसऱ्या कोणाबद्दल वाटतं.

मार्चमध्ये जे झालं ते आधी सांगायला हवं.

बारा नंबरच्या खोलीत मिसेस याप राहायच्या. मलेशियातल्या पेनांगच्या, वय सत्त्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी त्या आल्या तेव्हा जेरोमकाकांनीच फॉर्म भरला होता. त्यात एक प्रश्न आहे: धर्म. खाली यादी. एकच निवडता येतो. काकांनी त्यांना विचारलं, तुमचा विश्वास कोणत्या धर्मावर आहे? त्या म्हणाल्या, कोणत्याच नाही. काकांनी पुन्हा विचारलं. त्या हसल्या, नाही म्हणाल्या. काकांनी 'नो रिलिजन' निवडलं.

एका सकाळी दहा वाजता मिसेस याप गेल्या. मुलगा सिंगापूरला. फाइलमध्ये 'नो रिलिजन', विशेष विधी नाही. मुलाने फोनवर होकार दिला. बारा वाजायच्या आत फ्युनरलवाले त्यांना घेऊन गेले. मी चादर बदलली. उशीच्या अभ्र्यात पिवळ्या कागदाची एक घडी सापडली, त्यावर लाल शाईने काहीतरी काढलेलं. मला ते चॉकलेटचं वेष्टन वाटलं. मी ते टाकलं. तो देवळातला ताईत होता, हे पुढे कळलं. टाकल्याचं मी काकांना नंतर सांगितलं, त्या दिवशी नाही.

एक वाजता त्यांची थोरली बहीण आली. नव्वदीची. स्प्रिंगवेलहून दोन बस बदलून. हातात मोठी पिशवी, तिच्यात मेलेल्यासाठी जाळायचं कागदाचं सोनं, कागदाचे कपडे, अगरबत्त्या. चार वाजता पुजारी येणार होता. ताओ पंथाचा. बहिणीने गादीकडे पाहिलं. मग जेरोमकाकांकडे.

"तुम्ही तिला काय विचारलं होतं?"

काकांनी सांगितलं.

"असं कोण विचारतं?" ती म्हणाली. "कोणाला अगरबत्ती लावतेस, असं विचारायचं."

ती ओरडली नाही. पिशवी परत उचलून बसस्टॉपकडे निघाली. काका तिला गाडीने सोडायला गेले. ती गाडीत बसली नाही. ते बसस्टॉपवर तिच्याशेजारी उभे राहिले, बस येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी लंचरूममध्ये काका माझ्याशी बोलले. म्हणाले, मी कॅथलिक बाप्यासारखा प्रश्न विचारला. आमच्याकडे आधी विश्वास. देवावर विश्वास आहे का? सैतानाचा धिक्कार करतोस का? बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी हेच विचारतात. मला वाटलं, सगळ्या जगात धर्म असाच विचारतात.

"पण माझ्या आईला विचारलं असतं ना," ते म्हणाले, "तर ती रोमन कॅथलिकच म्हणाली असती. आणि माझ्या बहिणीच्या लग्नाआधी तीच विहिरीला हळद लावून नारळ फोडायला गेली होती. फादरांना कोणी सांगितलं नाही. फादरांनी विचारलं नाही. मला हे माहीत होतं गं. तरी मी त्या बाईला विश्वास विचारला."

मी म्हटलं, जाऊ द्या काका.

"नाही," ते म्हणाले.

त्यानंतर ते सुटीच्या दिवशी त्या पुजाऱ्याला शोधत गेले. पुजारी निवृत्त बसड्रायव्हर निघाला. एका गोदामासारख्या इमारतीत देऊळ होतं, पुढे टायरचं दुकान. काका तिथे सहा-सात वेळा गेले. येऊन मला सांगायचे. मला ताओ म्हणजे कवितेतलं काहीतरी वाटायचं. धुकं, नदी, काही न करता बसलेला म्हातारा. काकांनाही आधी तेच माहीत होतं. पुजाऱ्याने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, ते आहेच, जुने ग्रंथ आहेत, शिकलेले लोक ते वाचतात. ग्रंथ ते कपाटात ठेवतात आणि पुजाऱ्याला हसतात. हे हजारो वर्षं चाललंय. मग त्यांची आई मरते आणि ते पुजाऱ्याला फोन करतात.

काकांनी त्याला विचारलं की चिनी माणूस बौद्ध, कन्फ्युशियन आणि ताओ, तिन्ही एकदम कसा असतो. एका घरातल्या तीन खोल्या म्हणायच्या का? पुजारी म्हणाला, खोल्याबिल्या नाहीत. तुझ्याकडे डॉक्टर आहे, वकील आहे, प्लंबर आहे. तू डॉक्टरचा आहेस की प्लंबरचा, असं कोणी विचारतं का? आईबापांशी, पूर्वजांशी कसं वागायचं ते कन्फ्युशियसकडून. मरताना आणि पुढच्या जन्मासाठी बुद्धाकडे. आणि घरात, अंगात, जमिनीत, वरच्या आणि खालच्या कचेऱ्यांत काही अडलं की माझ्याकडे.

"म्हणजे तुम्ही प्लंबर," काका म्हणाले.

"तुंबलं की बोलावतात," पुजारी म्हणाला.

हे सांगताना काका हसले. मार्चनंतर पहिल्यांदा.

पण त्यांना खरा धक्का दुसऱ्याच गोष्टीने बसला. माणूस गेला की पुजारी एक अर्ज लिहितो. खराखुरा अर्ज. वरच्या कचेरीला. त्यात मेलेल्याचं नाव, मूळ गाव, इथला पत्ता, जन्माची तारीख चिनी पंचांगाप्रमाणे, आणि जन्माचा प्रहर. दिवसाचे बारा प्रहर, दोन-दोन तासांचे. अर्ज वाचायचा, शिक्का मारायचा, जाळायचा. मग तो पोचतो. माहिती अपुरी असेल तर पुजारी काम अडवत नाही, पण चेहरा पाडतो.

"ह्यांच्या स्वर्गातही फॉर्म आहे," काका म्हणाले. "आपल्यापेक्षा नीट भरलेला."

त्या आठवड्यापासून त्यांनी नवे कागद केले. होममधल्या अकरा चिनी माणसांसाठी अकरा. वर नाव. मग प्रश्न. कोणाला अगरबत्ती लावता? घरात कोणाचे फोटो होते? सणाला कुठे जायचात? गेल्यावर किती वेळ तुम्हाला हलवू नये? कोणाला बोलवायचं? ते एकेकाजवळ तासन्‌तास बसायचे. पेन्सिलीने लिहायचे, खोडायचे.

ज्या दहा जणांच्या फाइलवर 'नो रिलिजन' किंवा 'बुद्धिस्ट' होतं, त्यांतल्या एकाचंही उत्तर एका ओळीत मावलं नाही.

अकरावे मिस्टर चुआ. वय ब्याऐंशी, इपोहचे, तेही मलेशियातलंच. चाळीस वर्षं पोस्टात टपाल वेगळं करायचं काम केलं. किडन्या जात होत्या. त्यांनी डायलिसिसला नकार दिला होता. डॉक्टर म्हणाले होते की हिवाळा निघाला तर निघाला. त्यांच्या फाइलवर 'ख्रिश्चन' होतं. सहा वर्षांपूर्वी मुलाच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला होता. मुलगा एड्रियन डेंटिस्ट आहे, रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवतो.

काकांनी मिस्टर चुआंना विचारलं, कोणाला अगरबत्ती लावता? मी तेव्हा त्यांचे मोजे बदलत होते. त्यांनी बोटांवर मोजलं. आईबाप, आजोबा. ग्वानयिन, ती दयेची देवी. जागेचा राखणदार देव. वर्षातून एकदा, नवीन वर्षाच्या नवव्या दिवशी, आकाशाचा राजा. मग थांबून म्हणाले, आणि आता येशू. तो मुलाकडचा.

काकांनी ते मला मराठीत सांगितलं. "मुलाकडचा." आम्ही दोघंही खूप हसलो. मिस्टर चुआ पण हसले, आम्ही कशाला हसतोय ते न कळता.

काकांनी विचारलं, बाप्तिस्मा का घेतला मग?

"मुलाला बरं वाटलं," मिस्टर चुआ म्हणाले. "पाणी गरम होतं."

मग त्यांनी काकांचा हात धरला. मी पाहत होते. ते म्हणाले की चर्चमध्ये जे करायचं ते करा, त्याची हरकत नाही. पण पुजाऱ्याचा अर्ज गेला पाहिजे. पूर्ण गेला पाहिजे.

"चाळीस वर्षं मी टपाल पाहिलंय. अर्धवट पत्त्याचं पत्र कुठे जातं ते मला माहीत आहे."

काकांनी कबूल केलं. अडचण एकच होती. मिस्टर चुआंना आपला जन्मप्रहर माहीत नव्हता. दाखला दुसऱ्या महायुद्धात गेला होता. सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, त्यांची बहीण, इपोहला. ते जन्मले तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

तोवर काकांनी सिस्टीममध्ये हे सगळं चढवायला सुरुवात केली होती. धर्माच्या रकान्यात 'अदर' निवडायचं, की एक छोटी जागा उघडते. तिच्यात चाळीस अक्षरं बसतात. काका चाळीस अक्षरांत बसवायचे. मिस्टर चुआंच्या जागेत त्यांनी लिहिलं: ख्रिश्चन, ताओ, बौद्ध, पूर्वज. कागद पाहा.

जूनमध्ये एड्रियनने वडिलांची फाइल ऑनलाइन पाहिली. तक्रार लिहिली. एक कॅथलिक कर्मचारी माझ्या आजारी वडिलांच्या मनावर धार्मिक दबाव आणतोय, त्यांना अंधश्रद्धेकडे परत ढकलतोय. तो भेटायलाही आला. मी कॉरिडॉरमध्ये होते. काका त्याला म्हणाले की तुमच्या वडिलांनाच विचारा.

"माझे वडील माझ्यासमोर जे बोलतात ते खरं," एड्रियन म्हणाला. "तुमच्यासमोर जे बोलतात ते आजारपण."

तो वाईट माणूस नाही. वडिलांसाठी दर रविवारी घरून लापशी आणतो, चमच्याने भरवतो. त्याला वडील स्वर्गात भेटायला हवे आहेत. त्यासाठी रकान्यात एकच शब्द हवा होता.

मॅनेजर कॅरोलिनने काकांना बोलावलं. साक्षीदार म्हणून त्यांनी मला नेलं, इथे तसा नियम आहे. कॅरोलिनच्या भिंतीवर मोठा फोटो आहे, ओढ्यातले गुळगुळीत दगड, खाली एक वाक्य, प्रवाहाबरोबर जाण्याबद्दल. त्याखाली 'ताओ विचार' असं छापलंय. काकांनी ते वाक्य एकदा पुजाऱ्याला वाचून दाखवलं होतं. त्याने कुठे ऐकलं नव्हतं.

कॅरोलिन चांगलं बोलली. तुमचा हेतू शुद्ध आहे म्हणाली. पण ऑडिटला एका माणसाचा एक धर्म लागतो, आणि कुटुंबाची संमती लागते. काका म्हणाले की माणूस जिवंत आहे, शुद्धीत आहे, त्याची संमती आहे. कॅरोलिनने मान हलवली. चौकशी होईपर्यंत घरी राहा म्हणाली. पगार चालू राहील. मग हसून, मैत्रीने म्हणाली:

"जेरोम, सोडून देणं तुम्हाला तरी जमायला हवं. तुमचे ताओवाले तेच सांगतात ना?"

काकांनी खुर्ची आत सरकवली आणि दाराकडे निघाले. मी त्यांच्यामागे निघाले. मला बोलता आलं असतं.

कारपार्कमध्ये ते गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले.

"ह्यांना ताओ भिंतीवर चालतो," ते म्हणाले. "फाइलमध्ये नाही."

त्या आठवड्यात सगळ्यांकडून एका कागदावर सह्या घेतल्या. रहिवाशांशी धर्माबद्दल बोलायचं नाही, फाइलमध्ये आहे त्यापलीकडे विचारायचं नाही. मी सही केली. माझा व्हिसा आहे, तास आहेत. कारणं खरी आहेत. सहीसुद्धा खरी आहे.

मिस्टर चुआ रोज विचारायचे, जेरोम कधी येणार? मी म्हणायचे, रजेवर आहेत.

काका घरून काम करत राहिले. आम्ही फोनवर बोलायचो. इपोहच्या बहिणीचा नंबर त्यांनी महिनाभर खटपट करून मिळवला, पुजाऱ्याच्या ओळखीतून. एका गुरुवारी फोन लावला. बहिणीला ऐकू येत नव्हतं. ती नुसती हॅलो हॅलो करत राहिली. शेजारीण आली, म्हणाली, नात मंगळवारी घरी असते, तेव्हा करा. नात मोठ्याने बोलते. काकांनी हे मला त्याच संध्याकाळी सांगितलं. आवाज चांगला होता.

शनिवारी सकाळी ते शॉपिंग सेंटरमधल्या केमिस्टकडे डेझीच्या गोळ्या आणायला गेले. रांगेत उभे होते. पुढच्या बाईने वळून काहीतरी विचारलं, आणि उत्तर द्यायच्या आधी ते खाली बसले. ॲम्ब्युलन्स आठ मिनिटांत आली. उपयोग झाला नाही.

चर्च भरलं होतं. वसईचे बरेच लोक, होममधले काही. सगळं नियमाप्रमाणे झालं, काही चुकलं नाही. रोमन कॅथलिक. फॉर्म भरताना फ्युनरलवाल्याने डेझीला विचारलं की आणखी काही इच्छा होती का. डेझी म्हणाली, कॅथलिक आहेत, आणखी काय असणार. मग माझ्याकडे बघितलं. अकरा माणसांना त्यांनी तासन्‌तास विचारलं होतं. त्यांना आम्ही दोघींनी कधी विचारलं नव्हतं. त्या विहिरीपासून कोणी काही आणायला हवं होतं का, मला माहीत नाही.

होमने सगळ्या स्टाफला ईमेल पाठवला. आपले लाडके सहकारी जेरोम शांतपणे गेले. आयुष्याच्या प्रवाहाबरोबर कसं जावं हे त्यांनी आपल्याला शिकवलं. खाली ओढ्यातल्या दगडांचा फोटो.

अंत्यविधीनंतर नऊ दिवसांनी चौकशीचं पत्र घरी आलं. त्यांच्याच नावाने. कर्मचारी आता सेवेत नसल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे. डेझीने ते मला वाचायला दिलं. मी साहित्याची विद्यार्थिनी, मला वाक्यं वाचायची सवय आहे. ते वाक्य मी चार वेळा वाचलं. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

सिस्टीममधल्या नोंदी मागे घेतल्या आहेत. मिस्टर चुआ ख्रिश्चन आहेत. ते अजून आहेत. आता बोलतात कमी, झोपतात जास्त. डॉक्टर दर सोमवारी येतात. मिस्टर चुआंनी मला जेरोमबद्दल विचारणं बंद केलं, म्हणजे कोणीतरी सांगितलं असावं.

गेल्या रविवारी डेझीने मला बोलावून काकांची फाइल दिली. तिला त्यातलं अक्षर वाचवत नाही म्हणाली. मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ती उघडली. अकरा कागद. दहा भरलेले, खाली ज्याची त्याची सही किंवा अंगठा. दोघांच्या कागदावर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'वारले', आणि पुढे: पुजारी आला, सहा तास हलवलं नाही.

अकरावा मिस्टर चुआंचा. नाव, चिनी लिपीतही, पुजाऱ्याच्या हातचं. मूळ गाव. इथला पत्ता, खोली नंबरसह. जन्मतारीख त्यांच्या पंचांगाप्रमाणे, दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेली. कोणाला अगरबत्ती लावता, त्यापुढे पाच ओळी. खाली 'जन्मप्रहर'. त्यापुढे काही नाही. बाजूला समासात इपोहचा नंबर, आणि पेन्सिलीने:

मंगळवार, आपले दुपारचे चार. नात असेल. हळू विचारायचं. तास विचारायचा नाही, तिला आठवणार नाही. कोंबडा आरवला होता का, ते विचारायचं. की नंतर आरवला.